एकमताने

केळुसकरांचा फोन आला तेव्हा केतकीच्या हातात अर्धा खाल्लेला पेढा होता. ‘छायापट सन्मान’ या चित्रपट पुरस्कारांची यादी जाहीर झाल्यापासून फोन खाली ठेवायची सोय नव्हती.

"अभिनंदन," केळुसकर म्हणाले. "एक विचारायचं होतं. तुमच्या चित्रपटात गाणं कुठलं आहे हो?"

"गाणं नाहीच आहे, सर," केतकी हसत म्हणाली.

पलीकडून केळुसकर खाकरले. "मलाही तसंच आठवतंय. पण यादीत शेवटी बघा, उत्कृष्ट गीताचा पुरस्कारसुद्धा आम्ही तुम्हालाच दिलाय. सातही परीक्षकांनी. एकमताने."

विश्राम केळुसकर थट्टा करणाऱ्यांपैकी नव्हते. चाळीस वर्षं त्यांनी चित्रपटांवर लिहिलं होतं, आणि परीक्षक मंडळात त्यांना घेत ते बाकीच्यांशी भांडण्यासाठीच. एक तरी माणूस विरोधात असला म्हणजे निकालाला वजन येतं, असं आयोजकांना वाटे.

"मी उद्या सकाळी तुमच्या स्टुडिओत येतो," ते म्हणाले. "फोनवर नको."

केतकीने हातातला पेढा बशीत ठेवला. आतल्या खोलीत अभिराम, तिचा नवरा, कुणाला तरी मुलाखत देत होता. त्याचा आवाज कित्येक वर्षांत इतका मोकळा लागला नव्हता.

एकोणीस वर्षांपूर्वी अभिराम सरंजामेने ‘तिसरी भरती’ नावाचा चित्रपट काढला होता. समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते. देवगडजवळच्या एका गावात तिसऱ्यांदा यायला लागते आणि दर खेपेला गावकऱ्यांची एकेक आठवण घेऊन जाते, अशी ती गोष्ट. ध्वनी केतकीचा होता. तेव्हा त्यांच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. चित्रपट आठवड्याभरात उतरला. मग तो कॉलेजांच्या वसतिगृहांत पोचला आणि तिथे त्याला दुसरा जन्म मिळाला. शेवटच्या दृश्यात नायिका कमरेइतक्या पाण्यात उभी असते. ती वळते, आणि काठाकडे वळली की समुद्राकडे, हे कळायच्या आत पडदा काळा होतो. झालं! ‘काठवाले’ आणि ‘पाणीवाले’ असे दोन तट पडले. दोघांचे वेगळे टी-शर्ट निघाले. चित्रपट पाहून बाहेर पडलेली पोरं चहाच्या टपरीवर एकमेकांची गचांडी धरायची. या वादावरून एक साखरपुडा मोडल्याचंही ऐकिवात होतं.

पुढचा भाग काढायला अभिरामला इतकी वर्षं लागली. ‘परतीचं पाणी’ यंदा झळकला, सगळीकडे गर्दीत चालला, आणि आता अकरा पुरस्कार. बारावा गीताचा.

केळुसकर रिक्षाने आले. केतकीने दिलेला चहा त्यांनी तसाच बाजूला ठेवला.

"काय झालं ते सांगतो," ते म्हणाले. "चित्रपट पाहिला, जेवलो, चर्चेला बसलो. कुणी तरी म्हणालं, दिग्दर्शनाचा यालाच देऊ. मला पटलं. पटकथा? यालाच. पटलं. मग गीताची पाळी आली. आमचे अध्यक्ष गमतीने म्हणाले, तोही यालाच देऊन टाका. आणि बाई, मला तेही पटलं. सगळ्यांनाच पटलं. कुणी हसलं नाही. ती गंमत होती, हे मला परवा आंघोळ करताना उमगलं."

"सर, चित्रपट आवडला असेल तर..."

"आवडला. अजून आवडतो. पण मी दुसरं सांगतोय." ते पुढे झुकले. "पहिल्या भागावर एकोणीस वर्षं भांडणं झाली. मी स्वतः त्याला झोडपला होता, त्यावरून मला शिव्यांची पत्रं यायची. दुसऱ्या भागावर एक तरी भांडण ऐकलंत? काठवाले खूश, पाणीवालेही खूश. दोघंही खूश कसे, सांगा मला."

उत्तर कुठे शोधायचं ते तिला ठाऊक होतं, कारण या चित्रपटासाठी चित्रपटगृहांत बसवलेलं यंत्र तिनेच बांधलं होतं.

त्याचं नाव तिने ‘सम’ ठेवलं होतं. मैफलीत गवई कितीही लांब फिरून आला तरी ज्या मात्रेवर तो आणि तबलजी एकत्र येऊन पोचतात आणि श्रोत्यांच्या माना आपोआप हलतात, ती सम. काळोखात एकत्र बसलेल्या माणसांचे श्वास आणि हृदयाचे ठोके थोडेफार एकमेकांशी जुळतात, हे शरीरशास्त्रज्ञांनी पूर्वीच मोजलेलं होतं. केतकीने ते जुळणं नशिबावर सोडायचं नाही असं ठरवलं. चित्रपटगृहातल्या प्रत्येक खुर्चीच्या पाठीत तिने नाण्याएवढं रडार बसवलं. त्यातून निघालेल्या लहरी प्रेक्षकाच्या छातीवरून परततात आणि छाती केसभर हलली तरी सांगतात. त्या सगळ्या नोंदींवरून संगणक सभागृहाचा सरासरी श्वास काढतो. मग त्या श्वासाच्या तालात एक अतिशय खालचा ध्वनी सुरू होतो. तो कानाला ऐकू येत नाही, बरगड्यांना कळतो. पडद्यावरचं प्रत्येक दृश्यही पापणी लवण्याइतकं लांबतं किंवा आखडतं. सुरुवातीला चित्रपट प्रेक्षकांच्या मागून चालतो, मग बरोबरीने. मग तो एक पाऊल पुढे टाकतो आणि प्रेक्षक त्याच्या मागे जातात. मध्यंतरापर्यंत सगळं सभागृह एका छातीने श्वास घेत असतं.

लोकांना समुद्र अंगात जाणवावा, एवढंच तिला हवं होतं.

ज्या संशोधनाच्या आधारे तिने हे बांधलं, त्यात आणखी एक गोष्ट लिहिलेली होती, आणि ती तिने कामाची नाही म्हणून ओलांडली होती. शेजारच्याचं मत आपल्याहून निराळं असलं की मेंदूच्या एका भागात बारीकशी घंटा वाजते. त्या घंटेमुळे माणूस थांबतो, ताडून पाहतो, ‘नाही’ म्हणतो. श्वास बराच वेळ जुळलेले राहिले की शेजारचा परका वाटेनासा होतो आणि घंटा मंदावते. एकदा पाहणाऱ्याची ती काही तासांत किंवा दिवसांत पुन्हा वाजू लागते. पुन्हा पुन्हा पाहणाऱ्याचं काय होतं, हे कुणी तपासलेलंच नव्हतं.

केळुसकर गेल्यावर केतकी दुपारच्या खेळाला गेली. ती आत बसली नाही. प्रक्षेपण खोलीच्या काचेतून खाली पाहत उभी राहिली. सभागृह भरलेलं होतं. उत्तरार्धात, पडद्याच्या निळ्या उजेडात, तिला शेकडो खांदे वर जाताना दिसले आणि खाली येताना दिसले. कुणी खोकलं नाही. कुणी मोबाईल काढला नाही. तिने हे दृश्य पूर्वीही पाहिलं होतं, आणि तेव्हा तिला ते सुंदर वाटलं होतं.

खेळ सुटल्यावर ती दारापाशी गेली. टी-शर्टांवर ‘काठ’ आणि ‘पाणी’ लिहिलेला पोरापोरींचा घोळका बाहेर आला. तिला ओळखून त्यांनी गराडा घातला, फोटो काढले.

"शेवट जरा फसलाय ना?" केतकीने विचारलं.

‘पाणी’वाली मुलगी म्हणाली, "हो, मॅडम. फसलाय थोडा."

"फसलाच आहे," बाकीचे म्हणाले.

केतकीने उलटं बोलून पाहिलं. "मला तर तो सगळ्यात चांगला भाग वाटतो."

"हो, तोच बेस्ट आहे," मुलगी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर कसलाही संकोच नव्हता, केतकीला खूश करायची धडपडही नव्हती. "शेवटासाठी तर पुन्हा बघायला पाहिजे."

सगळ्यांनी माना हलवल्या. सगळे हसरे होते.

समारंभासाठी त्यांची मुलगी शर्वी भोपाळहून आली. ती तिथे वास्तुकला शिकत होती. तिच्या कॉलेजजवळच्या चित्रपटगृहात ‘सम’ बसवलेलं नव्हतं आणि त्याशिवाय हा चित्रपट कुठे लागत नव्हता, म्हणून आईबाबांचा चित्रपट तिने अजून पाहिला नव्हता. पहिल्या सकाळी पोह्यांची ताटली हातात धरून ती दोघांकडे बघत राहिली. अभिराम म्हणाला, हॉलची भिंत पिवळी करू या. केतकी म्हणाली, करू या.

अभिराम उठून गेल्यावर शर्वी म्हणाली, "तुम्ही दोघं इतके गोड कधीपासून झालात?"

"म्हणजे काय गं?"

"आई, मी बारावीत होते तेव्हा तू बॅग भरली होतीस. मावशीकडे राहायला जाणार होतीस. तुला पिवळा रंग डोळ्यासमोर चालत नाही. आणि तुझी ती फिल्म? कालवं, शिंपले काढणाऱ्या बायकांची? चार वर्षं खडकांवर जाऊन रेकॉर्डिंग केलंस, पाय कापून घेतलेस. तिचं काय झालं?"

केतकी आठवू लागली. आठवलं लगेच. ‘परतीचं पाणी’चं ध्वनिमिश्रण चालू असताना एका संध्याकाळी अभिराम सहज म्हणाला होता, आता ते दुसरं काम बंद कर, आणि ती म्हणाली होती, बरं. त्या वेळी वाईट वाटलं होतं का, हे ती मनात शोधत राहिली. वाईट वाटलेलं तिला कुठेच सापडलं नाही. पुसून टाकलेल्या पाटीसारखं तिथे स्वच्छ होतं.

मिश्रणाच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. यंत्राची चाचणी घ्यायला दोन्हींच्या पाठीत रडार बसवलेलं होतं. दोन वर्षं, जवळजवळ रोज, ती आणि अभिराम शेजारी शेजारी बसून तो चित्रपट पाहत होते. त्या चित्रपटाचे पहिले प्रेक्षक तेच होते, आणि सर्वांत जुनेही.

ते दोघं का भांडत नव्हते, हे तिला त्या क्षणी कळलं.

तिने अभिरामला सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकून घेत होता.

"समज, तू म्हणतेस तसंच आहे," तो म्हणाला. "त्या यंत्रामुळे आपण एकत्र राहिलो. मग काय बिघडलं? मला चष्म्याशिवाय दिसत नाही. म्हणून चष्म्यातून दिसतं ते खोटं ठरतं का? सुखी आहोत ना आपण?"

केतकीला ते पटलं. अगदी आतून, अडथळ्याविना पटलं.

"अभि, मला तुझं पटतंय," ती घाईने म्हणाली, "आणि म्हणूनच मला भीती वाटतेय. मी समारंभात हे सगळं सांगणार आहे. पुरस्कार परत करू. यंत्र सगळीकडून काढून घेऊ."

त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर काही तरी हललं. एकोणीस वर्षं वाट पाहणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर हलेल तसंच. मग ते विरलं.

"बरोबर आहे," अभिराम म्हणाला. "सांग. परत करू."

दोघं एकमेकांकडे बघत बसले. दोघांपैकी कुणालाही दुसऱ्याला अडवता येत नव्हतं. मग केतकीने शर्वीला हाक मारली.

"तू सांग. तू काही पाहिलेलं नाहीस. मी बोलू का?"

"बोल," शर्वी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आणि आई, त्याच्या आधी तो चित्रपट परत बघू नकोस. एक मिनिटसुद्धा."

केतकीने केळुसकरांना फोन केला. ते म्हणाले, "तुम्ही बोला, मी लगेच उठून दुजोरा देतो. माझं डोकं आता ताळ्यावर आहे. या वयात कुणाशी भांडता आलं नाही तर मी जगायचं कशाला?"

समारंभाच्या ठिकाणी पोचल्यावर आयोजक हात जोडून सामोरे आले. त्यांनी एक गंमत गुपित ठेवली होती. पुरस्कारांच्या आधी ‘परतीचं पाणी’चा पूर्वार्ध दाखवणार होते, आणि त्यासाठी सगळ्या खुर्च्यांमध्ये ‘सम’ बसवून घेतलं होतं. मानकरी पहिल्या रांगेत बसणार, चित्रीकरण थेट चालू राहणार.

"मी बाहेर थांबते," केतकी म्हणाली.

"असं कसं, मॅडम? तुमच्यासाठीच तर केलंय!" आयोजकाचा चेहरा इतका पडला की तिला वाईट वाटलं. ते वाईट वाटणं मात्र लगेच सापडलं, अगदी वरच होतं. अभिराम तिच्या कोपराला हात लावून म्हणाला, "चल, अर्धाच तर आहे." ती चालू लागली. मागून शर्वीने हाक मारली. ती दाराबाहेरच थांबली होती. काही केल्या आत यायला तयार नव्हती.

केतकीने रुमालाचे बोळे करून कानात घातले, निरुपयोगी आहेत हे माहीत असून. तिने डोळे मिटले. आपला श्वास आपणच मोजायचा, वेडावाकडा घ्यायचा, असं तिने ठरवलं. थोडा वेळ जमलंही. मग बरगड्यांखाली ओळखीचं काही तरी हललं, घरी परतल्यावर दार उघडावं तसं. तिने डोळे उघडले तेव्हा पडद्यावर मध्यंतराची पाटी होती, आणि तिच्या गालांवर पाणी.

तरीही ती बोलली. बोलायचं ठरलेलं होतं आणि मनाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात शर्वीचं ‘बोल’ शिल्लक होतं. माईकसमोर उभी राहून तिने सगळं सांगितलं. रडार, न ऐकू येणारा ध्वनी, मंदावणारी घंटा, नसलेल्या गाण्याचा पुरस्कार. "आता या क्षणीही तुम्हाला माझं पटतंय," ती म्हणाली, "कारण तुम्हाला काहीही पटेल. कृपा करून कुणी तरी उठा आणि मला चूक ठरवा."

सभागृह उभं राहिलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक डोळे पुसत होते.

केळुसकर व्यासपीठावर परीक्षकांच्या रांगेत होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर तिने आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं असं प्रसन्न हसू होतं.

"बाईंचं खरं आहे," ते माईकवर म्हणाले. "शंभर टक्के."

मग अभिराम पुढे आला. पुरस्काराची बाहुली त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. ती परत करायची ठरली होती, पण कुणी मागितली नाही. "केतकी म्हणते ते खरं आहे," तो म्हणाला. "पण जिथे बघावं तिथे माणसं एकमेकांच्या जिवावर उठलेली आहेत. दोन तास त्यांना एक होता येत असेल, तर ते वाईट कसं?"

सभागृह पुन्हा उभं राहिलं. तितक्याच टाळ्या, तितकीच पुसलेली आसवं.

"यांचंही खरं आहे," केळुसकर म्हणाले. "शंभर टक्के."

केतकी आणि अभिराम बाहेर आले तेव्हा शर्वी भिंतीला पाठ लावून उभी होती. आतलं सगळं तिने बाहेरच्या मोठ्या पडद्यावर पाहिलं होतं. ती काही बोलणार, तेवढ्यात राखाडी सफारीतले एक गृहस्थ नमस्कार करत पुढे आले.

"मी दाभाडे. बंदर प्रकल्पाचं पुनर्वसन माझ्याकडे आहे," ते म्हणाले. "मला पोचायला उशीर झाला, चित्रपट बुडाला. पण मॅडम, तुमचं भाषण मी इथे बाहेर ऐकलं. इतक्या सोप्या शब्दांत कुणी समजावून सांगितलं नव्हतं." त्यांची नजर आतून येणाऱ्या कुणाच्याही नजरेसारखी नव्हती; ती सावध आणि लख्ख होती. "आमची पुढच्या महिन्यात जनसुनावणी आहे. किनाऱ्यावरची सात गावं उठायची आहेत. लोक आरडाओरडा करतात, एकमत होत नाही. सुनावणीच्या आधी गावकऱ्यांना एखादा चांगला चित्रपट दाखवावा, असा विचार आहे. तुमचं यंत्र मांडवात बसेल का?"

"बसेल की," अभिराम म्हणाला.

"आई," शर्वीने केतकीचं मनगट घट्ट धरलं. "नाही म्हण. आई, माझ्याकडे बघ. नाही म्हण."

केतकीने तिच्याकडे पाहिलं. लेकीचं खरं होतं. शंभर टक्के खरं होतं. समोरच्या गृहस्थांचंही काही चूक नव्हतं. त्यांना त्यांचं काम करायचं होतं. ती तो एक शब्द शोधू लागली. लहानपणी बोलायला शिकताना सगळ्यांत आधी जे दोन-चार शब्द येतात त्यातला तो. त्याचा आकार तिला आठवत होता, जीभ दातांमागे टेकते तेही आठवत होतं. दाभाडे नम्रपणे वाट पाहत होते. शर्वीची नखं मनगटात रुतत होती.

केतकीने तोंड उघडलं.

"मांडवात खुर्च्या किती असतील?" तिने विचारलं.